तिला निवडणुकीला उभं राहू द्या

आज आमच्या वडोदऱ्यातल्या सोसायटीची मीटिंग होती. टाकी धुण्याचा विषय, लिफ्टच्या मेंटेनन्सचा विषय, नेहमीचंच. सगळं संपत आलं तेव्हा दुसऱ्या मजल्यावरची सूनबाई उठली आणि म्हणाली, "महापालिकेच्या पुढच्या निवडणुकीत मी आपल्या वॉर्डातून उभी राहणार आहे, तुमचा आशीर्वाद हवा." कुणी काही बोलेचना. मग एक काका, ज्यांना मी वडिलांच्या जागी मानते, म्हणाले, "बेटा, चांगल्या घरच्या मुलींनी त्या घाणीत पडू नये. तुझं झाडांचं काम छान चाललंय, तेच कर." आणि अर्ध्या लोकांनी माना डोलावल्या.

घरी येऊन कुकर लावला तरी डोकं शांत होईना, म्हणून लिहायला बसले.

झाडांचं काम! म्हणजे रविवारी रोपं लावा, फोटो काढा, घरी या. ती रोपं ज्या जमिनीवर लावली तिथे पुढच्या वर्षी रस्ता येणार की दुकानं, हे ठरतं कुठे? खंडेराव मार्केटच्या त्या इमारतीत, म्हणजे महापालिकेच्या कचेरीत ठरतं. आपण सगळे तिथे मागच्या बाजूला भाजी घ्यायला जातो आणि पुढच्या दाराने आत जायची मात्र लाज वाटते आपल्याला.

ही मुलगी गेली होती आत. काकांनाही ते माहीत आहे, म्हणून जास्त राग येतो.

आमच्या मागची कांस, म्हणजे पावसाळी नाला, ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. पावसाचं पाणी तिच्यातूनच विश्वामित्री नदीकडे जातं. पलीकडच्या प्लॉटवर एका बिल्डरने भराव टाकायला सुरुवात केली आणि ट्रकमागून ट्रक माती कांसच्या कडेला पडू लागली. आम्ही काय केलं? ग्रुपवर व्हिडिओ टाकले. तिने टीपीचा, म्हणजे नगररचना योजनेचा, मसुदा मागवला. नकाशाची प्रत आणून माझ्याच डायनिंग टेबलवर पसरली, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या आणि फूटपट्टी लावून बसली. नकाशात कांस म्हणजे पेन्सिलीची एक रेघ. मग माझी शिवणाची टेप घेऊन गेली मागे. एक टोक तिच्या हातात, दुसरं वॉचमनच्या. टेप पुरेना, म्हणून दोरी बांधून मोजलं.

मसुदा जाहीर झाला की हरकत द्यायला महिनाभर मिळतो. तिने गुजरातीत स्वच्छ अर्ज लिहिला, मोजमाप जोडलं, सह्या घेत दारोदार फिरली. सुनावणीला मी सोबत होते. साहेबांनी विचारलं, "बेन, अहीं कांस छे ए तमने केवी रीते खबर?" तिने पुराच्या वेळचा फोटो पुढे सरकवला. आमच्या भिंतीवरची चिखलाची रेघ, त्याखाली ओळखूही न येणारा माझा फ्रीज. ते बराच वेळ फोटो बघत राहिले, मग कागद ओढून लिहायला लागले. शेवटच्या नकाशात कांसला तिची रुंदी मिळाली. थोड्या भागावर स्लॅब अजून आहे, ते काम राहिलंय. पण ती रेघ आता रेघ नाही.

हे झाडांचं काम आहे का? मला तर हेच खरं झाडांचं काम वाटतं.

२०२४ चा ऑगस्ट विसरलात का हो सगळे? रात्रभर जागून आपण दोनच आकडे विचारत होतो, आजवा धरणाची पातळी किती आणि काळा घोडा पुलापाशी नदीची किती. धोक्याची पातळी २६ फूट, आणि पाणी ३५ च्या वर गेलं. तळमजल्यावरच्या आम्हा लोकांना वरच्यांनी चहा-पोळी दिली, अंथरूण दिलं. हेच काका माझ्या नवऱ्याबरोबर कमरेएवढ्या पाण्यातून सिलिंडर वर चढवत होते. मी हे विसरलेली नाही, विसरणारही नाही. म्हणून तर त्यांच्या तोंडून असलं वाक्य आलं की जास्त लागतं.

मगर रस्त्यावर आली म्हणून सगळ्या देशाने आपले व्हिडिओ पाहिले. मगर कुठून येणार? तिची कोतरं, म्हणजे नदीकाठच्या घळी, आपण बुजवल्या, नदीच्या कडेची सखल जमीन भरून त्यावर घरं बांधली. पाण्याने आणि मगरीने जावं कुठे? राष्ट्रीय हरित लवादाने मे २०२१ मध्येच विश्वामित्रीचं पूरक्षेत्र आखा, अतिक्रमणं काढा, असा आदेश दिला. तो आदेशही आपोआप आला नाही. याच गावातल्या काही हट्टी माणसांनी वर्षानुवर्षं तारखा केल्या, तेव्हा आला. पण लवाद काही रोज येऊन नाला मोजणार नाही. ते वॉर्डातल्या माणसाचंच काम.

होय, एकटी नगरसेविका काय करणार, पक्ष सांगेल तसा हात वर करावा लागतो. मान्य. नदी पावागढहून येते, वरचं पाणी वॉर्डाची हद्द बघून थांबत नाही, हेही मान्य. पुढे?

१९ वॉर्ड, प्रत्येकातून चार, असे ७६ लोक. त्यात निम्म्या जागा बायकांच्या. ठेके मंजूर करणारी स्थायी समिती तर जेमतेम १२ जणांची. एवढ्या थोड्या माणसांच्या हातात गावाची गटारं, बागा, तलाव, रस्ते. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने शहरांच्या कामांची जी यादी दिली, त्यात नागरी वनीकरण आणि पर्यावरणाचं रक्षण स्पष्ट लिहिलं आहे. १९९३ पासून लिहिलं आहे! म्हणजे ही कुणाची हौस नाही, नगरपालिकेचं ते काम आहे. आणि ते करायला टेप घेऊन कांस मोजणारी बाई तिथे नको, तर कोण हवं?

आपल्या मराठी मंडळींचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. दांडिया बाजारात, वाडीत, राजमहाल रोडला कुठेही बसा, पाऊस पडला की एकच वाक्य, "महाराज असते तर असं झालं नसतं." सयाजीराव महाराजांनी आजवा बांधला, कमाटीबाग लोकांना दिली, सगळं खरं. माझ्याही देवघराशेजारी त्यांचा फोटो आहे. पण महाराज १९३९ साली गेले. त्यांनी मुलींना सक्तीने शाळेत घातलं ते कशासाठी? शिकलेल्या मुलीने सोसायटीच्या मीटिंगमध्ये "घाणीत पडू नकोस" ऐकून खाली बसावं म्हणून?

ती बसली नाही, हे सांगायला हवं. काकांना नमस्कार केला आणि म्हणाली, "काका, घाण आहे म्हणूनच जाते आहे." माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तिकीट मिळालं तर ठीक, नाहीतर अपक्ष. ते तिचं ती ठरवेल. माझ्याकडून एवढंच: सूचक म्हणून सही मी करणार. पत्रकं मराठी आणि गुजराती दोन्ही मी लिहीन. टीपीचे नकाशे वाचता येणारे कुणी रिटायर्ड ओव्हरसियर किंवा सर्व्हेअर ओळखीचे असतील तर मला इनबॉक्समध्ये कळवा. आणि आपल्या वॉर्डात राहणाऱ्यांनी मतदार यादीत नाव आहे का ते याच आठवड्यात बघून घ्या. पुरानंतर बरेच जण घरं बदलून गेले आहेत, त्यांची नावं अजून जुन्याच पत्त्यावर असतील.