‘सरळ उबुंटू टाका की!’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. योक्टो (हव्या त्या बोर्डासाठी लिनक्स सोर्सपासून बांधायची साधनं) वापरून रॉस २ (रोबोटसाठीचं सॉफ्टवेअर) बसवण्यावरच्या माझ्या लेखाबद्दल तुमच्या दोन तक्रारी आहेत. १६ जीबी रॅम आणि ८ कोअरच्या मशीनवर योक्टोने रॉस २ च्या ‘हंबल’ या आवृत्तीची इमेज (बोर्डावर चढवायची पूर्ण सिस्टिम) बांधायला घेतली, ती रात्रभर चालून पॉइंट क्लाउड लायब्ररीपाशी (पीसीएल) मेली, ही पहिली. उबुंटू २२.०४ वर हंबलची तयार पॅकेजेस तासाभरात बसतात, मग हा उपद्व्याप कशाला, ही दुसरी.

पहिली रास्त आहे. लेखात मेमरीबद्दल लिहायला हवं होतं. लॉगमधला ‘किल्ड’ म्हणजे कंपायलरचा दोष नव्हे. रॅम संपली म्हणून कर्नलने त्याला मारलं. बिटबेक (योक्टोचा बिल्ड चालवणारा प्रोग्रॅम) मुळात कोअरइतकी कामं एकदम काढतं आणि प्रत्येक काम पुन्हा कोअरइतके कंपायलर. म्हणजे ८ गुणिले ८, वाईटात वाईट ६४. या लायब्ररीतल्या सी++च्या टेम्प्लेट कोडने ठासलेल्या एकेका फाइलला एक जीबीहून जास्त लागू शकते, मग १६ जीबी कुठे पुरणार? बिल्डच्या सेटिंगच्या लोकल डॉट कॉन्फ फाइलमध्ये ‘बीबी नंबर थ्रेड्स’ (एकदमची कामं) ४ आणि ‘पॅरलल मेक’ (एका कामातले कंपायलर) उणे-जे २ ठेवा. सगळाच बिल्ड मंदावू नये असं वाटत असेल, तर ‘पॅरलल मेक’पुढे कोलन देऊन ‘पीएन-पीसीएल’ लिहा. मर्यादा त्या एका रेसिपीपुरती (एका पॅकेजच्या बांधणीच्या कृतीपुरती) राहील. मग तीच कमांड पुन्हा द्या, झालेलं काम वाया जात नाही. वैतागून टेम्प फोल्डर उडवलात तरी चालेल, पण एसस्टेट-कॅशला (झालेल्या कामाचा साठा) हात लावू नका. ती गेली की पुन्हा पहिल्यापासून.

तुम्ही चिकटवलेल्या ओळीत आणखी एक खोट दिसली. ‘इमेज इन्स्टॉल’ला (इमेजमधल्या पॅकेजेसची यादी) ‘अपेंड’ करताना अवतरणचिन्ह उघडल्यावर एक स्पेस लागतेच, नाहीतर तुमचं पॅकेज आधीच्या नावाला चिकटतं आणि बिटबेक भलत्याच नावाचं पॅकेज शोधत बसतं. शिवाय रॉसच्या नावातल्या अंडरस्कोरच्या जागी इथे हायफन येतो.

आता उबुंटू. टेबलावर एकच बोर्ड असेल, तर तुमचंच खरं. मीही उबुंटूच टाका म्हणेन. पण सहा महिन्यांनी अकरावा बोर्ड भरायला घेतला आणि तीच इन्स्टॉल कमांड दिली, तर पॅकेजेस नव्या आवृत्तीची येतील आणि पहिल्या दहांशी जुळणार नाहीत. योक्टोत प्रत्येक लेयरचा (रेसिपींच्या संचाचा) कमिट, म्हणजे नेमकी आवृत्ती, बांधून ठेवता येतो. (सगळे लेयर एकाच मालिकेचे हवेत, हंबलला योक्टोची किर्कस्टोन. नवं काम काढत असाल तर रॉसची जॅझी आणि योक्टोची स्कार्थगॅप घ्या.)

दुसरा फायदा वीज अचानक गेली तर. इमेजला ‘रीड-ओन्ली-रूटएफएस’ हा पर्याय लावला की रूट (मुख्य) फाइल सिस्टिमवर काही लिहिलंच जात नाही, त्यामुळे ती अर्धवट लिहिली जाण्याचा प्रश्न उरत नाही. पण मग रॉसचा नोड (रॉसमधला एक प्रोग्रॅम) सुरूच होत नाही, कारण तो होम फोल्डरातल्या डॉट-रॉसमध्ये लॉग लिहायला जातो. सर्व्हिस फाइलमध्ये ‘रॉस लॉग डिर’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल व्हार-व्होलाटाइल या फोल्डरकडे वळवा. तो भाग रॅममध्ये असतो, म्हणून बोर्ड बंद झाला की लॉगही जातात. जपायचे असतील तर वेगळं पार्टिशन काढा.