‘90 ला टेलिफोटो म्हणणाऱ्या’कडून उत्तर

‘स्पष्टवक्ता’ महोदय,

आपली प्रतिक्रिया तीनदा वाचली. नाटकांचे फोटो काढायला यांत्रिक रेंजफाइंडर (लेन्समधून नव्हे, वेगळ्या खिडकीतून बघून फोकस करायचा कॅमेरा) घ्यायचाच असेल तर लायका एम3 आणि 90 मिमीची लेन्स घ्या, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर आपण म्हणता: “टेलिफोटोसाठी रेंजफाइंडर सुचवणं ही होतकरू मुलांची दिशाभूल आहे. 90 ला टेलिफोटो म्हणणाऱ्याने आयुष्यात 200 ची लेन्स हातात धरलेली दिसत नाही. एसएलआर घ्या, विषय संपला.” (टेलिफोटो म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स, एसएलआर म्हणजे आतल्या आरशाच्या मदतीने लेन्समधूनच बघायचा कॅमेरा.) शिवाय आपण किंमत, प्रकाश मोजणारा मीटर नसणं आणि माझी एक चूक काढलीत.

चूक आधी कबूल करतो. एम3 च्या व्ह्यूफाइंडरमध्ये (बघायच्या खिडकीत) 35 ची चौकट, म्हणजे 35 मिमीच्या लेन्समध्ये किती मावेल ते दाखवणारी, आहे असं मी लिहून गेलो. ती नाही, 50, 90 आणि 135 एवढ्याच आहेत. 35 ची चौकट नंतरच्या एम2 मध्ये आली. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

आता ते मधलं वाक्य. ‘आयुष्यात धरलेली दिसत नाही.’ हे आपण मला टपरीवर, हातात कटिंग घेऊन, तोंडावर म्हणाला असतात का? ‘दिशाभूल’ हा शब्द मी एखाद्याच्या खिशातून पैसे काढले असते तर शोभला असता.

आणि दिसत नाही म्हणजे काय? 1993 ते 2004 माझ्याकडे निकॉन एफएम2 हा एसएलआर होता आणि त्यावर 200 एफ/4 (एफचा आकडा मोठा तितका लेन्समधून येणारा उजेड कमी). भिगवणला उजनीच्या पाणफुगवट्यावर, होडीत पोटावर पडून रोहित पक्षी टिपलेत मी. त्या लेन्सला होडीच्या काठावर आपटून पोचा पडला, तो अजून आहे. हवा असेल तर त्याचाही फोटो टाकतो.

हीच जोडी घेऊन मी एका प्रायोगिक नाटकाच्या रंगीत तालमीला गेलो होतो, म्हणून तर पुढचं सगळं घडलं. एफ/4 मधून त्या उजेडात कॅमेऱ्यातला फोकसचा पडदा मातकट दिसायचा. मधल्या दुभंगलेल्या वर्तुळाचा अर्धा भाग डोळा जरा सरकला की काळा. फोकस लागतोय तोवर नटी दुसऱ्या विंगेत. आणि आरसा! नाटकातल्या एका लांब शांततेत माझा ‘खटाक’ असा वाजला की नटीने वळून थेट माझ्याकडे बघितलं. मध्यंतरात दिग्दर्शक काका म्हणाले, “फोटो काढतोयस का टाइपरायटर चालवतोयस रे?” त्यानंतर मी एसएलआर घेऊन तालमीला गेलो नाही.

एम3 च्या व्ह्यूफाइंडरमध्ये मधोमध एक उजळ चौकोन असतो. लेन्स एफ/2 लावा नाहीतर एफ/4, तो तेवढाच उजळ राहतो, कारण तिथे लेन्समधून बघायचंच नसतं. संगीत नाटकातल्या एका नायिकेच्या नथीवर मी फोकस करत होतो, एकाच दिव्याच्या उजेडात. चौकोनात नथीचे दोन मोती दिसत होते. रिंग फिरवत गेलो, ते एकमेकांकडे सरकले, एकावर एक बसले, एकच मोती उरला. दाबलं. 1/30, एफ/2.8, 400 ची एचपी5 फिल्म 1600 वर ओढलेली, म्हणजे कमी उजेडासाठी जास्त संवेदनशील धरून वापरलेली आणि तशीच धुतलेली. शेजारच्या बाईंनी मान वळवली नाही.

अचूकतेचं म्हणाल तर साधा गुणाकार आहे. रेंजफाइंडरच्या दोन खिडक्यांमधलं अंतर गुणिले व्ह्यूफाइंडरचं वर्धन (त्यात दृश्य किती पट दिसतं ते). आकडा मोठा तेवढा फोकस नेमका. एम3 चा 68.5 गुणिले 0.91, म्हणजे 62 मिमीच्या आसपास. 0.72 वर्धनाच्या लायकाच्याच एम6 मध्ये तो 50 वर येतो. बेसा आर3एम या दुसऱ्या कंपनीच्या रेंजफाइंडरचं वर्धन पूर्ण 1, पण मुळात अंतरच 37, म्हणून 37. लांब लेन्ससाठी मी 1954 सालचा कॅमेरा सुचवतो तो जुन्याचं वेड म्हणून नाही.

135 ची चौकट लहान दिसते, हे आपण दुसऱ्या परिच्छेदात लिहिलंय. दिसतेच. म्हणून तर लायकाने 135 एफ/2.8 ला चष्मा बसवला, व्ह्यूफाइंडरसमोर येणारा, चित्र मोठं करणारा. 200 साठी व्हिसोफ्लेक्स नावाचा आरशाचा डबा मिळायचा, पण तो लावला की एम3 ची एसएलआरच होते. ते मी कधी सुचवलं? मी नाटकाबद्दल लिहीत होतो. तिसऱ्या रांगेतून चेहरा चौकटीत भरायला 200 कशाला हवी? आपण कुठे बसता?

मीटर नाही, खरं. माझ्याकडे वही आहे, कोणत्या नाट्यगृहात कोणत्या प्रकाशाला काय लावलं ते लिहिलेली. किंमत ज्याची त्याने बघावी. सर्व्हिसिंग, सुट्या भागांचं वगैरे जे काही आपण लिहिलंय त्यावर वेळ घालवत नाही.

पुढची प्रतिक्रिया खऱ्या नावाने आली तर उत्तर देईन. टोपणनावाने आली तरी ठेवीन, उडवणार नाही. उत्तर मात्र मिळणार नाही.