दुधाच्या कपाटातला हॅमस्टर (वेंगुर्ल्याच्या दादांच्या कमेंटला उत्तर)

दादा नमस्कार, तुमची कमेंट परवा रात्री वाचली, लगेच उत्तर लिहायला बसलो आणि खोडून टाकलं, कारण पहिल्या रागात लिहिलेलं सकाळी वाचवत नाही. आता दोन दिवस गेलेत, डोकं थंड आहे, आणि खरं सांगायचं तर तुमची अर्धी कमेंट बरोबर आहे.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दादांचं म्हणणं असं की मी कुठल्यातरी बाहेरच्या थंड देशातल्या लोकांचं वाचून इथे उतरवतो, काचेच्या फिशटँकमध्ये ठेवलेला हॅमस्टर आपल्याकडे मे महिन्यात उकडून मरेल, चार फुटी पिंजरा म्हणजे श्रीमंतांचे चोचले, आमची मुलं दहा बाय दहाच्या खोलीत वाढली. त्यांनी स्वतःचा हॅमस्टर आजीच्या जुन्या दुधाच्या कपाटात ठेवलाय, तीन मजले, जाळीची दारं, हवा खेळती, मांजराची भीती नाही. तो रात्रभर जाळी चावतो, पण ते दात झिजवायला, तो निसर्गच आहे, उगाच लोकांना घाबरवू नका.

आधी फिशटँकचं. चूक माझी. हॅमस्टर फिशटँकमध्ये ठेवा म्हणणारा तो लेख मी जानेवारीत लिहिला होता, तेव्हा देवगडात पहाटे चादर लागत होती आणि आमचा बोंडू (रंगावरून नाव पडलं, पिकलेल्या काजूच्या बोंडासारखाच आहे) काचेत मस्त होता. एप्रिल संपता संपता तो दिवसा बिळाबाहेर येऊन पोट टेकून पसरायला लागला, पाय मागे ताणून, श्वास जोरात. हॅमस्टरला आपल्यासारखा घाम येत नाही, आणि तीस डिग्रीच्या वर गेलं की त्याला त्रास सुरू होतो. आपल्याकडे तीस तर सकाळी दहालाच होतात, वर तो दमटपणा. काचेच्या टाकीला हवा फक्त वरून, ती पण टाकी उंच असली की तळापर्यंत पोचत नाही. त्या आठवड्यात मी त्याला टाकीतून काढला आणि लेख मात्र तसाच राहिला, त्याबद्दल खरंच सॉरी. काल त्यात दुरुस्ती टाकलीय. ज्यांच्याकडे टाकी आधीच आहे त्यांनी निदान ती उथळ आणि लांब आहे ना ते बघा, झाकण पूर्ण जाळीचं करा आणि आत कुंभाराकडचं छोटं मडकं आडवं ठेवा. बोंडू अजूनही दुपारी मडक्यातच सापडतो.

पण जाळी चावण्याबद्दल मी मागे हटणार नाही.

पुढचे दात मरेपर्यंत वाढतात हे अगदी खरं. पण ते झिजतात एकमेकांवर घासून आणि दाणे, लाकूड, पुठ्ठा असलं काहीतरी कुरतडून. त्यासाठी लोखंडाची तार लागत नाही. उलट तारेवर दात वाकडे होतात, तुटतात, आणि नाकावरचे केस जातात. तुमच्या हॅमस्टरचं नाक एकदा उजेडात बघा ना. बोंडू पहिले दोन महिने दुकानातून आणलेल्या पिंजऱ्यात होता, खाली गुलाबी प्लास्टिक, वर पांढऱ्या तारा, मध्ये एक वीतभर चाक, तुम्ही पण बघितला असेल, सगळीकडे तोच मिळतो. दुकानदार म्हणाला होता एकदम मोठा पिंजरा आहे, जोडी पण राहील. (जोडी! सीरियन जातीचा हॅमस्टर मोठा झाला की एकटाच राहतो, दोन ठेवले तर रक्तबंबाळ होतात. बरं झालं एकच आणला.) त्या पिंजऱ्यात तो रात्री अकराला सुरू व्हायचा, एकच कोपरा, एकच तार, टर्रर्रर्र, टर्रर्रर्र, पहाटेपर्यंत. प्लास्टिकच्या कडेला त्याने अंगठा जाईल एवढं भोक पाडलं आणि एकदा थेट आईच्या तांदळाच्या डब्यामागे सापडला. मी पण तेव्हा हेच म्हणायचो, दात शिवशिवतात त्याचे. आणि शोधायचो काय, तर न कुरतडता येणारा पिंजरा. जाड तार, जाड प्लास्टिक. खरं तर विचारायला हवं होतं की हा एवढा का कुरतडतोय.

तुम्ही निसर्ग म्हणालात म्हणून सांगतो. आपल्या घरातले हे सोनेरी हॅमस्टर मूळ सीरियातल्या अलेप्पो भागातले. 1930 मध्ये तिथल्या शेतातून एक मादी आणि तिची पिल्लं जमिनीतून खणून काढली, आणि आज जगभर जे पाळलेले आहेत ते बहुतेक सगळे त्याच एका घरातले, म्हणजे तुमचा आणि माझा हॅमस्टर भाऊबंदच. तिथे रानात त्यांची बिळं मोजलीत लोकांनी, सरासरी खोली 65 सेंटिमीटर, काही तर एक मीटरच्याही खाली. वर ऊन रणरणतं आणि खाली गारवा. म्हणजे हा प्राणी मुळात खणणारा आहे, माडीवर चढणारा नाही. त्याला नीट दिसत पण नाही, उंचीचा अंदाज येत नाही, कडेवरून सरळ पाय टाकतो. तुमच्या कपाटाचे तीन मजले आपल्याला बघायला छान वाटतात, पण वरच्या फळीवरून तो खाली आपटला तर पाय मोडतो हे लक्षात घ्या.

आता बाहेरच्या लोकांचं. हो, वाचतो मी त्यांचं, कारण त्यांनी मोजलंय. स्वित्झर्लंडमध्ये बर्न विद्यापीठात 2006 मध्ये हॅमस्टर तीन प्रकारे ठेवून बघितले, भुसा 10 सेंटिमीटर, 40 आणि 80. दहावाले सगळ्यात जास्त तारा चावत होते आणि चाकावर पण जास्त पळत होते, ऐंशीवाल्यांत तार चावणं दिसलंच नाही. पुढच्या वर्षी पिंजऱ्याचा आकार बदलून बघितला, 1,800 चौरस सेंटिमीटरपासून 10,000 पर्यंत. लहान पिंजऱ्यात जास्त वेळा आणि जास्त वेळ चावत होते, मोठ्यात कमी. पण पूर्ण बंद कुठल्याच आकारात झालं नाही, हे पण सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल मी सोयीचं तेवढंच सांगतो. म्हणजे नुसता मोठा पिंजरा आणून भागत नाही, खणायला खोल पाहिजे. तुमच्या कपाटाची एक फळी, तुम्ही दिलेल्या मापाने अडीच फूट बाय सव्वा फूट, म्हणजे साधारण 2,900 चौरस सेंटिमीटर झाली. आणि त्यावर तुम्ही भुसा किती घालता? दोन इंच? त्याहून जास्त घातला तर दार उघडल्यावर सगळा खालीच येणार, कपाटच तसं आहे.

दहा बाय दहाचं तर राहूच दे. आम्ही पण तसेच वाढलो. पण आम्ही दिवसभर समुद्रावर असायचो की.

माझा आताचा पिंजरा कसा आहे ते सांगतो म्हणजे श्रीमंतांचे चोचले किती ते कळेल. आठ बाय चारचा एकच प्लायवूडचा बोर्ड. त्यातून तळ चार बाय दोन, मागची बाजू चार बाय दोन, दोन्ही बाजू दोन बाय दोन, आणि जो तुकडा उरतो त्यातूनच समोरची खालची एक फुटाची फळी निघते. समोर वरच्या फुटाला काच, ती सरकवायची. वर लाकडी चौकट आणि जाळी. आमच्या सुताराने एका दिवसात केला, आणि आई ओट्यावर बसून बघत होती, "मेल्या, उंदराक बंगलो बांधतंस?" असं दर तासाला. त्यात एक गोष्ट सुताराला पण माहीत नव्हती आणि मला पण नंतर कळली. हॅमस्टर सपाट फळी सहसा कुरतडू शकत नाही, त्याच्या दाताला पकड मिळत नाही. तो कड शोधतो, फट शोधतो, सांध्याची जागा शोधतो. म्हणून आतल्या सगळ्या उघड्या कडांवर अॅल्युमिनियमची एल पट्टी मारली, स्क्रू बाहेरून. वर्ष झालं, प्लायला अजून दात लागलेला नाही.

जाळीबद्दल पण एक, हे कुठल्या बाहेरच्याने सांगितलेलं नाही, आपल्याच खाऱ्या वाऱ्याने शिकवलं. पहिल्यांदा साधी जीआय (म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाची) जाळी आणली, अर्ध्या इंचाची, स्वस्त. एका पावसाळ्यात तिला गंज. शिवाय त्या जाळीवरचा जस्ताचा थर चावून पोटात गेला तर विषच ते. मग स्टेनलेस स्टीलची आणली, महाग पडली पण एकदाच. अर्धा इंच सीरियनला चालतं, लहान जातीचे ड्वार्फ असतील तर पाव इंचच पाहिजे, नाहीतर डोकं घालून निसटतात. आणि जाळी हलकी नको, आपल्याकडे पावसात धामण घरात शिरते ती उंदरांच्याच मागावर, तिला हा उंदीर आणि तो उंदीर यातला फरक कोण समजावणार.

भुसा मी सॉमिलमधला वापरत नाही. त्यात काय काय लाकूड असतं कोणाला माहीत, धूळ भयंकर, आणि चीड-देवदारासारखं वासाचं लाकूड असेल तर त्यांच्या श्वासाला वाईट. छपाई नसलेल्या कागदाच्या पट्ट्या, मध्ये सुक्या गवताचा थर, मग परत कागद, मध्ये पुठ्ठ्याचे तुकडे, असं दाबून दाबून फूटभर भरलंय. नुसता कागद असला तर बीळ ढासळतं, गवताने धरून राहतं. पुठ्ठ्याला आपल्याकडे काय तोटा, आंब्याच्या पेट्या असतातच, फक्त पिना आणि चिकटपट्टी काढून टाका. करवंट्या घासून, वाळवून दिल्या, त्या कुरतडायला त्याला तारेपेक्षा कितीतरी आवडतात. चाक 11 इंची, पृष्ठभाग सपाट, दांड्यांचं नाही, दांड्यांत पाय अडकतो. ते वीतभर चाक असेल तर आजच काढा, धावताना पाठ उलटी वाकते त्यात. जून ते सप्टेंबर मात्र रोज हात घालून बघावं लागतं, मुतायचा कोपरा ओला झाला की दुसऱ्या दिवशी बुरशी. तेवढाच भाग काढायचा, सगळं एकदम बदललं की त्याला स्वतःचाच वास सापडत नाही आणि बिचारा परत सैरावैरा.

या सगळ्यानंतर बोंडू तार चावतो का? आठवड्यातून एखादवेळ, जेवण उशिरा झालं की. नाकावर केस परत आलेत.

आता तुमचं कपाट. मी दोन दिवस त्याच्याबद्दलच विचार करतोय, कारण आमच्या आजीकडे पण तसंच होतं, पायाखाली पाण्याच्या वाट्या, मुंग्या चढू नयेत म्हणून. ती वाट्यांची युक्ती हॅमस्टरला एकदम लागू आहे, कारण हे महाशय बिळात दाणे साठवतात आणि लाल मुंग्यांना पत्ता लगेच लागतो. (पाणी दोन-तीन दिवसांनी बदला, नाहीतर डासांची पैदास.) तर मला असं वाटतं की कपाट टाकून देऊ नका, त्याला पाठीवर झोपवा. साडेचार फूट उंचीचं असेल तर तळ झाला साडेचार बाय अडीच फूट, म्हणजे 10,000 चौरस सेंटिमीटरच्या वर, माझ्या बंगल्यापेक्षा मोठा! दारं वर आली, झाकणासारखी उघडतील, हवा वरून आणि सगळीकडून. मजल्यांच्या फळ्या आपोआप उभ्या भिंती झाल्या, त्यातली एक पूर्ण काढा, दुसरी अर्धी कापून ठेवा, तिच्या एका बाजूला खोल कागद-गवत भरा, दुसऱ्या बाजूला दोन इंच, तिथे चाक आणि पाणी. उंची फक्त सव्वा फूट मिळते, तेवढ्यात तो भरावावर उभा राहून जाळीला दात लावेलच, म्हणून दारांच्या खाली चौफेर सहा इंची फळीची पट्टी चढवून घ्या, सुताराचं अर्ध्या दिवसाचं काम. बाजूंना पण जाळी असेल तर खालच्या अर्ध्याला आतून प्लाय लावा, नाहीतर कागद घरभर. आणि हे सगळं चार पायाच्या बाकड्यावर, वाट्या बाकड्याच्या पायाखाली.

एकच गोष्ट मला इथून दिसत नाही ती म्हणजे रंग. आजीच्या काळातलं कपाट हिरव्या नाहीतर निळ्या ऑइलपेंटचं असेल तर त्यात शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (म्हणजे दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा लागू झाली ती 2017 च्या नोव्हेंबरपासून, त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही, आणि हा प्राणी कडा चावणारा. तसं असेल तर घासत बसू नका, ती धूळ तुमच्याच नाकात जाईल, आतून सगळीकडे कोऱ्या प्लायचं अस्तर द्या आणि कडांना पट्टी.

तर टेप लावून आतलं माप घ्या, रंगाचा एक फोटो टाका, आणि बाजूला जाळी आहे का लाकूड ते लिहा. आमच्याकडे एल पट्टीचे तीन-चार तुकडे उरलेत, पुढच्या आठवड्यात कुडाळला येणं आहे, लागत असतील तर घेऊन येतो.