परकी द्राक्षं उपटायला निघालेल्यांना

आमच्या निफाडकडच्या मित्रांच्या ग्रुपवर परत तोच वाद पेटलाय, की नाशिकच्या मातीत कॅबर्ने, शिराझ, शनँ ब्लाँ ही वाईनची फ्रेंच द्राक्षं कशाला, परकी आहेत, उपटून टाका आणि आपली थॉमसन, ती बिनबियांची खायची, लावा. वाईन किराण्यात विकावी की नाही ते भांडण २०२२ मध्येच मनसोक्त झालंय, त्यात मला शिरायचं नाही. पण "आपली थॉमसन" वाचलं आणि डोकंच फिरलं.

थॉमसन आपली कधीपासून? ती मूळची तुर्कस्तान-इराणकडची, कॅलिफोर्नियात थॉमसन नावाच्या माणसाचं नाव लागलं, आणि आज आपल्या बागांमध्ये ती उभी असते डॉगरिजच्या खुंटावर, म्हणजे कलमाच्या मुळाकडच्या भागावर, जो टेक्सासच्या रानवेलीतून आलाय. हां, त्याच थॉमसनमधून आपल्या शेतकऱ्यांनी सोनाका काढली, तास-ए-गणेश काढली, आणि त्या कष्टांनी ती आपली झाली हे मीही छाती फुगवून सांगतो. मग हाच हिशेब शिराझला का नाही?

मी दक्षिण फ्रान्समधल्या मोंपेलिएला राहतो. इथं स्टेशनजवळच्या बागेत प्लाँशाँ ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाचा पुतळा आहे. १८६० नंतर दक्षिण फ्रान्समधल्या वेली भराभर वाळायला लागल्या, कुणाला कारण कळेना, सगळे मेलेल्या वेली तपासत होते. १८६८ मध्ये ह्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी जिवंत वेलींची मुळं उकरून बघितली तर त्यावर बारीक पिवळे किडे. फिलॉक्सेरा, अमेरिकेतून आलेली कीड. जमिनीत औषधं टोचून झाली, बागांमध्ये पाणी तुंबवून झालं, शेवटी उपाय सापडला तोही अमेरिकेचाच, तिकडच्या रानवेलीच्या खुंटावर इथल्या वेलीचं कलम. त्यावरही इथं वर्षानुवर्षं भांडले लोक, अमेरिकन मुळांनी वाईनची चव बिघडेल म्हणून. आज थोडे रेताड पट्टे सोडले तर बोर्दो, बर्गंडी, शांपेनसकट बहुतेक सगळा फ्रान्स त्याच मुळांवर उभा आहे आणि ती वाईन फ्रेंच नाही असं म्हणायची कुणाची हिंमत नाही.

आमच्या लांगदोकमधली, म्हणजे मोंपेलिएच्या भागातली, ग्रेनाश, कारिन्यान, मूर्वेद्र ही द्राक्षं तर पिरेनीजपलीकडून, स्पेनमधून आलेली मानतात. बोर्दोनं २०२१ मध्ये उन्हाळे वाढले म्हणून तुरिगा नासिओनाल आणि अल्वारिन्यो हे पोर्तुगीज वाण थोड्या प्रमाणात लावायला परवानगी घेतली, ती बोर्दोनं, जिथं लेबलावरच्या अक्षरावरूनसुद्धा वाद होतात! आणि उपटायचीच हौस असेल तर ऐका, १३९५ मध्ये बर्गंडीच्या ड्यूकनं गामे नावाचं द्राक्ष उपटायचं फर्मान काढलं होतं. गामे काही परकी नव्हती, बर्गंडीच्याच पिनो द्राक्षाची लेक ती. शेजारच्या बोजोलेच्या ग्रॅनाइटवर ती अशी रुजली की आज तिथली ओळखच तिच्यामुळे आहे.

बोर्डो मिश्रण, तेही ह्याच बोर्दोचं, मात्र ग्रुपवर कुणालाच परकं वाटत नाही! वेलीवर डाऊनी रोग दिसला की मोरचूद-चुना कालवायला सगळे तयार. बोर्दोजवळच्या मेदोकचे शेतकरी रस्त्याकडेची द्राक्षं चोरीला जाऊ नयेत म्हणून ते मिश्रण मारायचे, तेवढ्याच वेली रोगातून वाचलेल्या मिलार्दे ह्या वनस्पतिशास्त्रज्ञानं बघितल्या आणि १८८५ मध्ये जगाला सांगितलं.

आमच्या घरीही शिराझ होती. करार केलेल्या वायनरीनं ऐन तोडणीला माल उचलला नाही, पैसे अडकले, मग भावानं बाग काढून थॉमसन लावली. माती मानवली नाही म्हणून नाही, माणसं फिरली म्हणून. ह्यावर ग्रुपवर एक अक्षर नाही. इथं १९०७ मध्ये भेसळीच्या वाईननं भाव पडले तेव्हा ह्याच मोंपेलिएच्या रस्त्यांवर लाखो माणसं उतरली होती, भांडण भावाचं आणि भेसळीचं होतं.

"तू तिकडे बसून शिकवू नकोस," असं एकानं लिहिलं. ते लागलं. का लागलं तेही मला माहितीये. ऑफिसात कुणी हसून विचारलं की भारतात वाईन होते का, तर मी एप्रिलच्या खरड छाटणीपासून ऑक्टोबरची फळछाटणी, जानेवारीतली तोडणी सगळं इतक्या आवेशानं सांगतो की समोरचा गप्प होतो. प्रेफेक्त्यूरच्या, म्हणजे इथल्या सरकारी कचेरीच्या, रांगेत कार्त द सेजूरसाठी, राहण्याच्या परवान्यासाठी, उभं राहायचं तेव्हा मी तिकडचा असतो, आणि ग्रुपवर बोललो की इकडचा. सप्टेंबरात इथल्या वाईनच्या कोऑपरेटिव्हसमोर द्राक्षांच्या ट्रॉल्या लागतात, त्या आंबूस वासानं मला घरचं खळं आठवतं आणि दिवसभर कुणाशी बोलावंसं वाटत नाही. त्यामुळे कुणी "परकं आहे, उपटा" म्हटलं की मला ते द्राक्षापुरतं ऐकूच येत नाही.

भाऊ पुन्हा अर्धा एकर शिराझ लावायचं म्हणतोय. त्याला उपटायचे सल्ले देणाऱ्यांनी आधी माल उचलायची हमी कोण लिहून देणार ते सांगावं, वाणाचं कुळ मी सांगतो.