महामारीची थरारकथा लिहिताय? आधी सिलेंडरचा काटा वाचायला शिका

महामारीवरची थरारकथा म्हटली की खलनायक ठरलेला: परदेशातली चकचकीत प्रयोगशाळा, तिथं विषाणू बनवणारी कंपनी आणि मग लस विकून गडगंज झालेला मालक. मला हे पटत नाही. टंचाई पडली की नफेखोराला विषाणू बनवायची गरजच उरत नाही. आणि टंचाई माणूस कसा मारते हे पाहायचं असेल, तर कथा मेळघाटात आणा.

धारणीहून अमरावतीला रेफर केलेला पेशंट घ्या. हरिसाल, सेमाडोह, घाट, परतवाडा. चार तास धरून चाला. ॲम्ब्युलन्समध्ये ऑक्सिजनचा बी टाइपचा सिलेंडर, पाण्याच्या मापानं १० लिटरचा. दाबाचा काटा १५० किलोवर (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १५० किलो दाब) असेल तर १० गुणिले १५०, म्हणजे आत १५०० लिटर वायू. मास्कला मिनिटाला १० लिटर लागत असतील तर १५० मिनिटं. अडीच तासांत सिलेंडर संपला, अमरावती अजून लांबच. दुसरा भरलेला सोबत असल्याशिवाय गाडी हलायलाच नको. आता पुरवठादारानं १०० किलोवरच भरून दिला आणि बिल पूर्ण लावलं, तर? शंभर मिनिटं. पेशंट घाटातच. मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनिया लिहिला जाईल, पुरवठादाराचं नाव कुठंच येणार नाही.

ही चोरी पकडायची कशी, इथं खरी कथा आहे, कारण काटाही फसवतो. नुकताच भरलेला सिलेंडर गरम असतो, निवला की काटा उतरतो. वऱ्हाडातला मे महिना तर विचारूच नका: २७ अंशाला १५० दाखवणारा सिलेंडर उन्हात ४७ अंशाला १६० दाखवेल, वायू मात्र तेवढाच. वजन असं फसवत नाही. रिकाम्या सिलेंडरचं वजन त्याच्या मानेजवळ ठोकलेलं असतं. जम्बोत, म्हणजे रुग्णालयातल्या मोठ्या सिलेंडरमध्ये, साधारण ७००० लिटर मावतो, म्हणजे त्या आकड्यावर नऊ किलोंहून थोडं जास्त भरायला हवं. सहाच किलो भरलं, तर तिसरा हिस्सा गायब. म्हणून नायिका शास्त्रज्ञ नको. ग्रामीण रुग्णालयातली फार्मासिस्ट हवी, जी धान्याच्या दुकानातून वजनकाटा मागवून घेते.

(एक चूक मात्र करू नका. जाम झालेल्या व्हॉल्व्हला तेल लावणारं पात्र ‘हुशार’ दाखवू नका. दाबाखालच्या ऑक्सिजनला तेल-ग्रीस लागलं की आग लागते.)

मोठ्या कंपन्यांची हाव दाखवायची तर कोविडमध्ये दिलं जाणारं रेमडेसिविर इंजेक्शन आहेच. पेटंट गिलियड या अमेरिकी कंपनीचं, मे २०२० मध्ये तिनं भारतीय कंपन्यांना परवाने दिले. पहिल्या दिवशी २०० मिलिग्रॅम, पुढचे चार दिवस १००, म्हणजे एका पेशंटला १०० मिलिग्रॅमच्या सहा कुप्या. नोव्हेंबर २०२० मध्येच जागतिक आरोग्य संघटनेनं दाखल रुग्णांसाठी हे औषध वापरू नका असा सल्ला दिला होता. तरी एप्रिल २०२१ मध्ये नातेवाईक त्या सहा कुप्यांसाठी शेत गहाण टाकायला तयार होते. ज्या औषधानं जीव वाचल्याचा तेव्हा ठोस पुरावा नव्हता, त्याचाही काळाबाजार झाला, आणि बनावट कुपी तर पावडर दिसली की खपते. लेखकानं या भीतीच्या बाजारावर चार प्रकरणं खर्च करावीत, असं मला मनापासून वाटतं.

आणि कोर्टातला थरार हवा असेल तर भारतीय पेटंट कायदा वाचा. कलम ९२ प्रमाणे राष्ट्रीय आणीबाणीत केंद्र सरकार अधिसूचना काढून सक्तीच्या परवान्याचा, म्हणजे पेटंटवाल्याची संमती नसतानाही दुसऱ्या कंपनीला औषध बनवू देण्याचा, रस्ता मोकळा करू शकतं. आणीबाणी नसतानाही लागू होणाऱ्या कलम ८४ खाली २०१२ मध्ये असा पहिला परवाना हैदराबादच्या नॅटकोला मिळाला, बायर या जर्मन कंपनीच्या कॅन्सरच्या औषधासाठी. महिन्याचा खर्च सुमारे २,८०,००० रुपयांवरून ८,८०० वर आला. औषध तेच, गोळी तीच.