‘आजोबांना कुठे होती शुगर?’ म्हणणाऱ्यांना

आमच्या नवी मुंबईतल्या कोपरखैरण्यात महिनाभर एक मेसेज घरोघरी फिरतोय. मला तो सहा जणांनी पाठवला, त्यात माझी मावसबहीणही आहे. मजकूर थोडक्यात असा: ‘आपले आजोबा नव्वद वर्षं जगले, त्यांना ना बीपी ना शुगर. साथीचे रोग आता संपले, त्यांच्या जागी हे नवे आजार आले. हे श्रीमंतांचे, बसून खाणाऱ्यांचे आजार, कष्टाच्या माणसाला होत नाहीत. गोळ्या सोडा, आजोबांसारखं जगा.’

मी इथल्या एका लॅबमध्ये पंधरा वर्षं लोकांचं रक्त काढते. माझे आप्पा एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते. आमच्याच घरांत हा मेसेज वाचला जातोय, म्हणून एकेका वाक्याला उत्तर देते.

‘आजोबा नव्वद वर्षं जगले.’ जगले ते आठवतात. जे गेले त्यांचा फोटोसुद्धा नाही. माझ्या आजोबांचं नाव धोंडू. सात भावंडांत मोठी झाली ती दोनच. साताऱ्याकडच्या गावांत जुनी नावं बघा: दगडू, धोंडू, केरू, भिकू. आधीची मुलं हाताला लागली नाहीत की पुढच्याला असं नाव द्यायचे, म्हणजे त्याच्यावर कुणाची नजर जाणार नाही. देवी, घटसर्प, डांग्या खोकला, हगवण यांनी पाळणे रिकामे केले. पटकी आली की मरीआईचा गाडा शिवेबाहेर ओढून न्यायचा, याहून जास्त काही गावाच्या हातात नव्हतं. १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ ज्या दशकात आली, त्या दशकात भारतातलं सरासरी आयुर्मान वीस वर्षांच्या आसपास होतं. स्वातंत्र्याच्या सुमारास ते ३२ होतं. याचा अर्थ माणसं बत्तिशीत म्हातारी होत होती असा नाही. हजारातली दीडशेच्या आसपास बाळं पहिला वाढदिवसही बघत नव्हती, सरासरी इतकी खाली असण्याचं ते एक मोठं कारण होतं. आज ती सत्तरच्या आसपास आहे. शुगर-बीपीचा धोका चाळिशीनंतर वाढत जातो, आणि तेव्हा चाळिशी गाठणारेच थोडे होते.

बरं, हे आजार तेव्हा नव्हतेच, हेही खरं नाही. मधुमेह सुश्रुतसंहितेत आहे. बीपीचं म्हणाल, तर दंडाला पट्टा बांधून ते मोजायची पद्धत इटलीच्या रिवा-रोची या डॉक्टरने १८९६ साली काढली, मुंबईत प्लेग शिरला त्याच वर्षी. तो पट्टा आमच्या आजीला म्हातारपणी पहिल्यांदा दिसला. तोवर गावात एकच शब्द होता: ‘अंगावरून वारं गेलं.’ तोंड वाकडं, एक हात लुळा, आणि मग अंथरूण. त्या वाऱ्यामागे बऱ्याचदा चढलेलं बीपीच असतं. आजोबांना बीपी नव्हतं असं नाही म्हणता येत, त्यांचं कुणी मोजलं नव्हतं एवढंच म्हणता येतं.

‘साथीचे रोग संपले.’ यात थोडं खरं आहे, ते आधी सांगते. आजारपणात आणि अकाली मरणात देशाची जी वर्षं वाया जातात, त्यांत संसर्गजन्य रोग, बाळंतपणातले व नवजात बाळांचे आजार आणि कुपोषण यांचा मिळून वाटा १९९० मध्ये ६१ टक्के होता. २०१६ मध्ये तो ३३ टक्क्यांवर आला. हृदयविकार, मधुमेह, कॅन्सर, दमा अशा दीर्घकाळच्या आजारांचा वाटा ३० वरून ५५ टक्क्यांवर गेला. लसी, मीठ-साखर-पाणी, स्वच्छ पाणी, अँटिबायोटिक्स यांनी हे घडवलं. देवी गेली, पोलिओ गेला, आणि ही फार मोठी कमाई आहे.

पण वाटा कमी होणं म्हणजे संपणं नव्हे. साथरोगतज्ज्ञ अब्देल ओमरान यांनी १९७१ मध्ये रोगांच्या या बदलाचा जो सिद्धांत मांडला, त्यात एक टप्पा ओसरतो आणि पुढचा येतो. युरोपात तसं व्हायला शंभराहून जास्त वर्षं मिळाली. आपल्याकडे दोन्ही एकाच घरात, एकाच खाटेवर आहेत. जगातल्या दर चार टीबी रुग्णांपैकी साधारण एक भारतातला असतो. शुगर असलेल्या माणसाला टीबी व्हायचा धोका दोन-तीन पट असतो. हे मी आकड्यांवरून शिकले नाही. राखाडी झाकणाची शुगरची नळी आणि थुंकीची डबी, दोन्हींवर एकाच माणसाचं नाव मी कितीदा लिहिलंय. म्हणूनच टीबी निघाला की शुगर तपासायची, आणि शुगरवाल्याचा खोकला दोन आठवड्यांवर गेला की थुंकी तपासायची. कोविडमध्येही ज्यांची प्रकृती बिघडत गेली त्यांत शुगरवाले जास्त होते. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर तर व्हायरसमुळेच होतो. मग त्याला जुना रोग म्हणायचं की नवा?

‘श्रीमंतांचे आजार, कष्टाच्या माणसाला होत नाहीत.’ याचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण हे वाक्य वाचून आप्पांसारखी माणसं तपासायला येतच नाहीत. आप्पांनी तीस वर्षं पन्नास-पन्नास किलोच्या गोण्या पाठीवर वाहिल्या. अंगावर मांस नाही, पाय काटकुळे. एक्कावन्नाव्या वर्षी शुगर निघाली, तीही डोळ्यांना अंधुक दिसायला लागलं तेव्हा.

देशभराच्या मधुमेह पाहणीतून २०१७ मध्ये जे आकडे आले, त्यांत महाराष्ट्रासारख्या पुढारलेल्या राज्यांच्या शहरांत मधुमेहाचं प्रमाण वरच्या थरापेक्षा खालच्या थरात जास्त दिसलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन साधारण २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं साडेतीन. हातपाय बारीक, स्नायू कमी, पण अंगातली चरबी त्या मानाने टिकून राहिलेली. आईच्या पोटात उपास काढलेलं असं शरीर पुढे शहरात आलं की शुगर लवकर धरतं. म्हणजे या आजाराचं एक मूळ भुकेतही आहे.

आणि शहरात त्याला काय मिळतं? भाजी मार्केटात गाड्या रात्री लागतात, त्यामुळे झोप दिवसा आणि तुटक. पोटात वडापाव, साखरेचा कटिंग, गालात तंबाखू. गावाकडून आलेल्या बायकांची मिश्री सुटलेली नसते. यातलं कुठलं सुख श्रीमंतीचं आहे?

‘गोळ्या सोडा.’ आमच्या तात्यांनी सोडल्या होत्या, असाच एक मेसेज वाचून. सहा महिने काही जाणवलं नाही, कारण शुगर दुखत नाही. नवी चप्पल पायाला लागली तेही कळलं नाही. जखम त्यांनी अंगावर काढली, आणि शेवटी अंगठा काढावा लागला. चालणं, तेल-साखर कमी करणं हवंच. त्याने काहींच्या गोळ्या कमीही होतात, पण ते रक्त तपासून आणि डॉक्टरांना विचारून. महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात तिशीच्या पुढे बीपी आणि शुगर फुकट तपासतात, टीबीची औषधंही तिथे फुकट आहेत.

मावसबहिणीला मी फोन केला. तिचं वय सेहेचाळीस, मावशीला शुगर, आणि हिने शेवटचं रक्त दिलं ते धाकट्याच्या बाळंतपणात. धाकटा आता दहावीला आहे. शनिवारी सकाळी सात वाजता ये म्हटलंय तिला. उपाशीपोटी, चहासुद्धा न घेता.