आधी बी विंगचं बघा

कार्बन उत्सर्जनावर कायदा हवा की नको, टॅक्स लावावा की नको अशी चर्चा निघाली की तुम्ही गप्प बसता ना? तिथंच चुकतं तुमचं. ह्या विषयात माहिती फारशी लागत नाही, आपला नंबर सगळ्यात शेवटी आहे एवढं ठामपणे सांगता आलं की झालं. आणि हे तर आपल्याला लहानपणापासून येतं. गणपतीची वर्गणी मागायला पोरं दारात आली की आपण काय म्हणतो, आधी वरच्या मजल्यावर जाऊन या.

आमच्या सोसायटीत गच्चीवर सोलर बसवायचा विषय तीन वर्षं भिजत घोंगडं होऊन पडलाय. ए विंग म्हणते बी विंगने जास्त पैसे भरावेत, लिफ्ट त्यांची जास्त चालते. बी विंग म्हणते तुमचे फ्लॅट मोठे, एसी जास्त, आणि आमची विंग बांधून व्हायच्या आधी वीस वर्षं कॉमन मीटर तुम्हीच पळवलंत, आता आम्हाला काय शिकवता. तळमजल्याचं म्हणणं आम्ही लिफ्टमध्ये पायच ठेवत नाही. आणि गंमत म्हणजे तिघांचंही बरोबर आहे! म्हणूनच तर विषय तीन वर्षं टिकला, एखादा जरी खोटं बोलत असता तरी एव्हाना निकाल लागला असता.

आता हेच जरा मोठ्या हॉलमध्ये, सूट घालून करायचं. १९९७ साली क्योटो करार होणार होता, श्रीमंत देशांनी उत्सर्जन आधी कमी करायचं, भारत-चीनवर बंधन नाही असं ठरत होतं. तर करार व्हायच्या चारपाच महिने आधीच अमेरिकन सिनेटने ठराव करून टाकला की विकसनशील देशांना सूट असेल किंवा आमच्या अर्थव्यवस्थेला झळ बसणार असेल तर आम्ही नाही त्यात. मतं किती? ९५ विरुद्ध शून्य. आपल्याकडे आमदारांचा पगार वाढवायचा असला की दिसते तशी एकी. मग आपण इकडे म्हणायचं की बघा, अमेरिकाच करत नाही तर आम्ही का करू, आणि तिकडे ते म्हणणार भारत-चीन करत नाहीत तर आम्ही का. दोघांचा संसार सुखाचा. पुढे २०१५ च्या पॅरिस हवामान करारात अमेरिका २०१६ ला आली, २०२० ला गेली, २०२१ ला परत आली, २०२५ च्या जानेवारीत पुन्हा निघाली, मांडवात रुसलेल्या जावयाचं बरं, तो एका अंगठीत तरी ऐकतो.

आता एक बारीक टेक्निक सांगतो, लक्ष देऊन वाचा. परदेशातल्या मेव्हण्याशी वाद झाला की दरडोई आकडा काढायचा. भारतीय माणूस वर्षाला साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड सोडतो, अमेरिकन चौदाच्या आसपास. मेव्हणा गप्प. आणि हे खरंच आहे, न्याय्यही आहे, त्यात माझा काही उपरोध नाही. फक्त पुढचं बोलायचं नाही. पुढचं म्हणजे, हे दोन टन तुमचे नाहीतच. तुमच्याकडे तीन एसी, दोन गाड्या, वर्षातून एक फॉरेन ट्रिप, तुमचा आकडा मेव्हण्याच्या दिशेने केव्हाच निघालाय, तो खाली कोण ओढतंय तर गडचिरोलीतला कुणीतरी ज्याच्या घरात दोन बल्ब आणि एक पंखा आहे. एरवी आपल्याला त्याचं नावगाव माहीत नसतं, पण जागतिक परिषदेत त्याच्यासारखा कामाचा माणूस नाही. त्याच्या पाठीमागे उभं राहायचं, थोडं वाकून.

क्रियापदं सांभाळा. २०२१ ला ग्लासगोच्या हवामान परिषदेत मसुद्यात कोळशाचा वापर 'टप्प्याटप्प्याने बंद करू' असं होतं, शेवटच्या तासांत भारताच्या आग्रहाने, चीनचाही पाठिंबा होता, ते 'टप्प्याटप्प्याने कमी करू' झालं. परिषदेचे अध्यक्ष आलोक शर्मा, जन्म आग्र्याचा बरं का, त्यांना व्यासपीठावर रडू आवरेना. एका क्रियापदाची ही ताकद. दारू सोडतो असं कधीच म्हणू नका, कमी करतो म्हणा. आणि साल निवडताना असं निवडा की जाब विचारायला आलेल्याला तुमच्या फोटोला हार दिसला पाहिजे. नेट झिरोसाठी, म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढाच परत शोषून घेऊ यासाठी, आपण २०७० घेतलंय, प्रशस्त आहे.

त्याहून भारी म्हणजे तीव्रतेचं गणित. २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत जीडीपीच्या प्रत्येक रुपयामागचं उत्सर्जन ४५ टक्के कमी करू असं आपण सांगितलंय. एकूण उत्सर्जन नव्हे हां, रुपयामागचं. म्हणजे डॉक्टरांना सांगायचं की हल्ली पोळीला तूप निम्मंच लावतो, आणि पोळ्या चारच्या दहा करायच्या. गरीब देशाला पोळ्या वाढवायलाच लागतात हेही खरं, डॉक्टरही मान डोलावतात. कोलेस्टेरॉलला मात्र गणित कळत नाही.

कोळशावर टॅक्स लावायचा का, असं कुणी विचारलं तर छाती पुढे काढून सांगा, लावला होता की! २०१० साली टनामागे ५० रुपये सेस, नाव स्वच्छ ऊर्जा, वाढत वाढत २०१६ ला ४००. पैसे सौर, पवन वगैरेसाठी होते, बरेच तसेच पडून राहिले, आणि २०१७ ला जीएसटी आला तेव्हा तोच ४०० रुपयांचा सेस राज्यांची जीएसटीची तूट भरायला गेला. २०२५ ला तोही काढला आणि जीएसटी ५ वरून १८ टक्के केला. बायकोने फ्रीजसाठी साठवलेल्या भिशीतून नवऱ्याने मोबाइलचा हप्ता भरावा तसं, पण पैसे घरातच राहिले असं म्हणता येतं.

युरोपने मात्र खोडी काढली. तिकडे पाठवलेल्या तुमच्या स्टील, अॅल्युमिनियम, सिमेंटमागे जेवढा कार्बन तेवढे पैसे सीमेवर, १ जानेवारी २०२६ पासून. ह्याला नववसाहतवाद म्हणायचं, जोरात म्हणायचं, दीडशे वर्षं धूर काढून आता पावतीपुस्तक घेऊन बसलेत ते. फक्त त्या नियमात एक ओळ आहे की कार्बनची किंमत मायदेशात भरली असेल तर ती वजा होईल. म्हणजे इथं टॅक्स नको म्हणून आपण जिंकलो की तेच पैसे युरोपच्या तिजोरीत, ब्रुसेल्सला. ही ओळ कुणाला वाचून दाखवू नका, उगाच लोकांना झोप लागत नाही.

पुरावा मागितला तर वस्तू दाखवा. अमेरिकेत जेम्स इनहॉफ नावाचे सिनेटर होते, २०१५ च्या फेब्रुवारीत त्यांनी बाहेरून बर्फाचा गोळा आणून सभागृहात फेकला, कुठाय तुमची तापमानवाढ! आपल्याकडे वेण्णा लेकवर दंव पडल्याचा फोटो दरवर्षी येतोच, तो सेव्ह करून ठेवा. ऑस्ट्रेलियात स्कॉट मॉरिसन अर्थमंत्री असताना २०१७ ला संसदेत कोळशाचा ढेकूळच घेऊन आले, घाबरू नका, हा कोळसा आहे म्हणाले. हात काळे होऊ नयेत म्हणून त्याला लॅकर मारलं होतं असं तेव्हा छापून आलं होतं.

हे लॅकरचं वाचून मला माझी मावशी आठवली. विदर्भात असते, गावाजवळ कोळशाचं वीजकेंद्र आहे, कुठलं ते सांगत नाही. एप्रिलमध्ये तिच्या गच्चीवर सकाळी अनवाणी गेलं की तळवे करडे होतात, काळेसुद्धा नाही, करडे, विभूतीसारखे. कुरडया घालायच्या तर आधी झाडायचं, मग ओल्या फडक्याने पुसायचं, मग प्लास्टिक, आणि बारा वाजेपर्यंत प्लास्टिकवर परत बोटाने नाव लिहिता येतं. मी तिला दरडोई सगळं समजावलं, ग्लासगोचं क्रियापदसुद्धा. ती म्हणाली ते राहू दे रे, तू वरून साडी धर. जुनी सुतीच घे, नायलॉनची ओल्या कुरडईला चिकटते, दोन पदर कर आणि चारी कोपऱ्यांवर विटा ठेव, दुपारी वारा सुटतो.